आजोबांच्या ट्रंकेतल्या शिशाच्या तोफा: रंगाआधी कपाटाचं बघा

साताऱ्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. आजोबा तोफखान्यात होते. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत खेळण्यातल्या छोट्या तोफांचा साठा निघाला. त्यात ब्रिटन्स या इंग्लिश खेळणी कंपनीच्या जुन्या तोफा आहेत, खेचरांवर लादायची एक डोंगरी तोफ खेचरांसकट आहे, काकांनी सत्तरच्या दशकात मागवलेल्या 25 मिलिमीटर मापाच्या (म्हणजे सोबतच्या सैनिकाची उंची तेवढी) नेपोलियनच्या काळातल्या नऊ-दहा तोफा आहेत आणि एअरफिक्स कंपनीचं अर्धवट जोडलेलं 25 पौंडर तोफेचं प्लॅस्टिकचं मॉडेलही आहे. काहींचा रंग उडालाय, काहींवर पांढरी पूड आलीय, चाकं निखळलीत, खेचरांचे पाय मोडलेत. विचारलंय ते असं: सगळ्यांचा रंग काढून नव्याने रंगवू का? सुताराला प्लायवूडचं शोकेस सांगितलंय, ते चालेल का? आणि मित्रांबरोबर असईची लढाई टेबलावर मांडायची आहे, तर याच तोफा वापरता येतील का?

सुताराला आजच फोन करून थांबवा. बाकी सगळं महिनाभर पुढे ढकललं तरी बिघडत नाही, पण प्लायवूडचं शोकेस नको. तीन प्रश्नांतला हा सगळ्यात किरकोळ वाटतो, आणि नेमकं तिथेच सगळं अडतं. शिशाचं जुनं मॉडेल टिकणार की नाही हे रंगावर ठरत नाही, ते कुठल्या हवेत ठेवलंय यावर ठरतं. मी सांगलीत बरीच वर्षं हेच काम करतोय. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या शिशाच्या तोफांत खेळून मोडलेल्या कमी आणि कपाटात बसून सडलेल्या जास्त.

त्याचं कारण असं. प्लायवूड, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड यांतल्या लाकडातून आणि गोंदातून अॅसेटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ वर्षानुवर्षं सुटत राहते. बंद काचेआड ती साठते. शिशाला ही वाफ लागली की आधी शिशाचं अॅसिटेट होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याचं कार्बोनेट करतो आणि आम्ल मोकळं होऊन पुढच्या शिशाला भिडतं. त्यामुळे आम्ल जरासं असलं तरी पुरतं, कारण ते खर्चच होत नाही. युरोपात रंगासाठी सफेदा शेकडो वर्षं याच पद्धतीने बनवायचे. भांड्याच्या तळाशी व्हिनेगर, वर शिशाच्या पट्ट्या, भोवती शेणखताचा ढीग. खतातून ऊब आणि कार्बन डायऑक्साइड मिळायचा आणि काही महिन्यांत पट्ट्यांचा पांढरा भुगा हाती यायचा. पावसाळ्यात बंद प्लायवूडच्या कपाटात तेच घडतं, फक्त सावकाश. तुमच्या तोफांवरची पांढरी पूड बहुतेक हीच आहे.

पत्र्याची ट्रंक मुळात वाईट नाही. ट्रंकेच्या आत काय होतं ते बघा. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या असतील, पुठ्ठ्याच्या खोक्यात असतील किंवा लाकडी सिगार बॉक्समध्ये असतील, तर आम्ल तिथून आलं. डांबराच्या गोळ्या टाकलेल्या असतील तर एअरफिक्सचं मॉडेल आधी बाहेर काढा, कारण नॅफ्थलिनच्या वाफेने ते प्लॅस्टिक मऊ पडतं आणि चिकट होतं. जुना कागद, खोकी, गोळ्या सगळं बाजूला करा. खोक्यांवर कंपनीचं नाव किंवा सेटचा नंबर असेल तर ती फेकू नका, वेगळ्या पिशवीत ठेवा. मूळ खोकं हा संग्रहाचाच भाग असतो, फक्त तोफेने त्यात राहायचं नाही.

हात लावण्याआधी एक गोष्ट, आणि ही मी प्रत्येकाला सांगतो. शिसं विषारी आहे आणि ती पांढरी पूड तर अखंड धातूपेक्षा जास्त धोक्याची, कारण ती उडते आणि बोटांवरून तोंडात जाते. जुन्या रंगातही शिसं असू शकतं. हातमोजे घाला, काम स्वयंपाकघरात किंवा जेवणाच्या टेबलावर करू नका, सुक्या पॉलिश पेपरने घासू नका, फुंकर मारू नका. खाली कागद पसरा, पडलेली पूड ओल्या फडक्याने टिपा आणि कागद-फडकं पिशवीत बंद करून बाजूला ठेवा. सिंकमध्ये धुवून सोडू नका. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे काम दुसऱ्या जागी करा. कामानंतर हात साबणाने धुवायचे, आणि मधे चहाला उठलात तरी धुवायचे.

आता कुठली तोफ कशाची आहे ते ठरवा, कारण पुढचं प्रत्येक पाऊल त्यावर अवलंबून आहे. शिसं मऊ असतं, नखाने ओरखडा उठतो, कागदावर घासलं तर करडी रेघ येते. काकांच्या 25 मिलिमीटरच्या तोफा व्हाइट मेटलच्या असणार, म्हणजे शिसं आणि कथील यांची मिश्रधातू; प्रमाण कंपनीगणिक वेगळं. तिसरा धातू मॅझॅक, म्हणजे मुख्यतः जस्त. तो कडक असतो, वाकत नाही, मोडतो, आणि मोडलेली जागा करड्या साखरेसारखी दाणेदार दिसते. ब्रिटन्सने शिशाची खेळणी 1966 मध्ये बंद केली, पण त्याआधीच्या तोफांतही सुटे भाग वेगवेगळ्या धातूंचे सापडतात. म्हणून अख्ख्या तोफेवर एकच शिक्का मारू नका, नळी, गाडा आणि चाकं वेगवेगळी तपासा.

शंका असेल तर सराफाकडे असतो तसला बारीक डिजिटल काटा मिळवा. समजा नळी सुटी निघालीय आणि तिचं वजन 56.5 ग्रॅम भरलं. आता काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा आणि नळी दोऱ्याने पाण्यात अशी सोडा की ती बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही. काटा 5 ग्रॅम दाखवेल असं धरू. 56.5 ला 5 ने भागलं की 11.3 येतात, म्हणजे जवळजवळ शुद्ध शिसं. कथील 7.3 च्या आसपास, मॅझॅक साधारण 6.6 ते 6.7. मधला आकडा आला तर व्हाइट मेटल, आणि जितका 11 कडे तितकं त्यात शिसं जास्त, म्हणजे तितकी काळजीही जास्त. पांढरी पूड आलेल्या नळीवर मात्र हा प्रयोग करू नका, तिला पाण्यात घालायचं नाही. बाकीच्या लगेच कोरड्या करा.

मॅझॅकचा रोग वेगळा आहे. ओतताना जस्तात शिशाचा किंवा कथलाचा अगदी थोडा अंश मिसळला गेला असेल तर धातू दाण्यांच्या सांध्यांतून आतून कुजतो, फुगतो, त्याला जाळीदार भेगा पडतात. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या ओतकामात हे बरंच दिसतं. त्यावर उपाय नाही. भेगा पडलेली मॅझॅकची तोफ जशी आहे तशी थंड, कोरड्या जागी ठेवा, फोटो काढा, मापं घ्या. तिला जोर लावून सरळ करायला गेलात तर हातात तुकडे येतील.

शिशाकडे परत. करडा, मंद, एकसारखा थर आणि पांढरी, फुगलेली, दाणेदार पूड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. करडा थर शिशाचं रक्षण करतो. त्याला हात लावायचा नाही, चमकवायचं तर मुळीच नाही. आपल्याकडे जुनी वस्तू दिसली की घरातलं कोणीतरी चिंच-मीठ, लिंबू किंवा भांडी घासायची पावडर घेऊन बसतं. पितळेच्या समईला ते चालतं. शिशाला आम्ल दाखवणं म्हणजे रोग स्वतःच्या हाताने लावणं. रिठ्याचं पाणीसुद्धा नको, तेही किंचित आम्लधर्मीच असतं.

पूड काढायची ती मऊ ब्रशने, भिंगाखाली, मिनरल टर्पेंटाइनमध्ये ब्रश जेमतेम ओला करून, म्हणजे पूड उडत नाही. आधी न दिसणाऱ्या जागी, गाड्याच्या पोटाखाली, रंग विरघळत नाही ना हे बघा. खाचेत अडकलेली पूड बांबूच्या टोकदार काडीने सोडवा. सुई किंवा ब्लेड नको, शिसं लगेच कोरलं जातं. रंगाला फोड आला असेल आणि त्याखाली पूड असेल तर फोड सगळा खरवडू नका, जेवढं सुटलंय तेवढंच काढा. मग दोन दिवस कोरड्या हवेत ठेवा. उघडं पडलेलं शिसं मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सच्या पातळ हाताने झाका. धातू इतका पोखरला असेल की दाबल्यावर चुरतो, तर अॅसिटोनमध्ये विरघळवलेलं पॅरालॉइड बी-72 ब्रशच्या टोकाने सोडून तो घट्ट करता येतो. संग्रहालयांत वापरतात ते हेच रेझिन, आणि पुढे कधी काढावंसं वाटलं तर अॅसिटोननेच निघतं. अॅसिटोन जुना रंगही विरघळवतं, म्हणून ते फक्त उघड्या धातूवर. प्लॅस्टिकच्या 25 पौंडरच्या जवळपाससुद्धा अॅसिटोनची बाटली नको.

आता रंग. सगळ्यांचा काढू का, याला माझं उत्तर नाही असं आहे. ब्रिटन्सच्या तोफांवरचा कारखान्यातला रंग निम्मा जरी शिल्लक असेल तरी तो राहू द्या. त्या रंगाची छटा, ब्रशचे फटकारे, गाड्याखाली न रंगवलेला पट्टा, यावरून तोफ कुठल्या काळातली ते ओळखता येतं. एकदा काढला की ती माहिती गेली, आणि नव्या रंगाने तोफ कितीही सुंदर दिसली तरी ती परत येत नाही. उडालेल्या जागा डोळ्याला खुपत असतील तर फक्त तेवढ्याच जागी, मूळ रंगापेक्षा किंचित फिकट छटेने, पातळ अॅक्रिलिक लावा. जवळून बघणाऱ्याला दुरुस्ती कळली पाहिजे आणि हातभर अंतरावरून दिसता कामा नये.

काकांच्या तोफांचं वेगळं. त्या मुळात रंगवण्यासाठीच विकल्या जात, रंग काकांनी स्वतः दिलेला असणार. इथे निर्णय तुमचा आणि घरच्यांचा. माझा कल असा: त्यातल्या सगळ्यात नीट राहिलेल्या दोन तोफा काकांच्याच रंगात ठेवा आणि बाकीच्या खेळासाठी नव्याने रंगवा. जुना इनॅमल रंग काढायला कॉस्टिक सोडा वापरायचा सल्ला अजून फिरतो, तो ऐकू नका. कॉस्टिक शिशालाही खातं आणि जस्ताला तर फारच वेगाने. व्हाइट मेटलवर जेलसारखा पेंट रिमूव्हर थोडा वेळ लावून, जुन्या टूथब्रशने उतरवून, स्पिरिटने पुसलं की काम होतं. मोकळ्या हवेत करा.

नव्या रंगाबद्दल थोडंच सांगतो, कारण यावर माहिती भरपूर मिळते. फ्रेंच गाडे ऑलिव्ह हिरवे, ब्रिटिश गाडे करडे आणि त्यावरचं लोखंडकाम काळं, ऑस्ट्रियन पिवळे. नळ्या ब्राँझच्या, पण सोनेरी चकचकीत रंगवू नका. युद्धावरची ब्राँझची नळी तपकिरीकडे झुकते. गडद तपकिरीवर फिकट ब्राँझचा कोरडा ब्रश फिरवलात की नळीवरचे कडे आणि धरायच्या कड्या उठून दिसतात. चाकाच्या धावेवर लोखंडी करडा रंग द्या आणि जमिनीला टेकणारा भाग घासून उजळ ठेवा. बैलगाडीची जुनी धाव बघितलीत तर रंग कसा हवा ते लगेच कळेल. प्रायमर आणि मॅट व्हार्निशचा स्प्रे पावसाळ्यात मारू नका. दमट हवेत तो पांढुरका बसतो आणि सगळी मेहनत धूसर होते. तुमच्याकडे साताऱ्यात आमच्यापेक्षा पाऊस जास्त, त्यामुळे स्प्रेचं काम दिवाळीनंतर ठेवा.

दुरुस्तीत मी सगळ्यात जास्त वेळ चाकांना देतो. तोफेचं चाक मोडतं ते बहुतेक वेळा आरा तुंब्याला, म्हणजे चाकाच्या मधल्या गड्ड्याला, मिळतो तिथे, कारण ओतताना तिथे धातू सगळ्यात बारीक असतो. दोन-तीन आरे शाबूत असतील तर चाक वाचतं. तुटलेल्या आऱ्याच्या दोन्ही टोकांना पिन व्हाइसने, म्हणजे हातात धरायच्या बारीक ड्रिलने, अर्ध्या मिलिमीटरचं छिद्र पाडायचं. ड्रिल बोटांनी फिरवायचं, मशीनने नाही. शिसं तापून ड्रिलला चिकटतं आणि बिट आत तुटतं. मधे मेणाला टोक लावून घेतलं तर ड्रिल सहज सरकतं. छिद्रात पितळी तारेचा तुकडा आधी कोरडाच बसवून बघायचा. चाक सपाट काचेवर आडवं ठेवून धाव सगळीकडून टेकते का ते पाहायचं, आणि मगच इपॉक्सीचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब. झटपट चिकटणारा सायनोअॅक्रिलेट डिंक इथे घाई करायला लावतो, चाक किंचित वाकडं बसलं तर सुधारायला वेळच देत नाही. इपॉक्सी रात्रभर काचेवरच राहू द्यायचं. दुसऱ्या दिवशी आखावर चढवून फिरवलं की डगमगतं की नाही ते समजतं.

वाकलेली नळी किंवा गाड्याचं शेपूट सरळ करायचं असेल तर आधी हेअर ड्रायरने कोमट करा आणि बोटांनी हळूहळू, एकाच दिशेने वळवा. मागे-पुढे वाकवलंत तर धातू थकून तुटेल. सोल्डरिंग मात्र टाळा. शिसं 327 अंशाला वितळतं, व्हाइट मेटल त्याहून बरंच खाली, आणि साधी सोल्डर गन त्याच्याही वर जाते. सांधा जुळायच्या आत तोफेचा गोळा होतो.

चाक पूर्ण हरवलं असेल तर जोडीच्या चाकाचा सिलिकॉन साचा करून रेझिनमध्ये नवं ओता. नव्या चाकाच्या आतल्या बाजूला छोटी खूण कोरा, म्हणजे पुढे कोणालाही ते मूळ वाटणार नाही. आजकाल इंजिनीअरिंगची मुलं थ्रीडी प्रिंटवर सुंदर चाकं करून देतात, तेही चालेल, खूण तीच.

ब्रिटन्सच्या 4.7 इंची नौदल तोफेसारख्या मॉडेलमध्ये गोळा उडवायची स्प्रिंग असते. 1913 मध्ये एच. जी. वेल्स यांनी शिशाच्या सैनिकांच्या लढाईचे नियम प्रसिद्ध केले, त्यांचा सगळा डाव असल्याच स्प्रिंगच्या तोफांवर उभा होता: लाकडी गोळी मारायची आणि समोरचे सैनिक पाडायचे. टेबलावरच्या युद्धखेळात या खेळण्यांचं मोल आहे ते यामुळे. तुमच्या तोफेची स्प्रिंग मात्र ताणू नका. गंजलेली स्प्रिंग सुटली तर खटका मोडतो आणि तो भाग मिळत नाही. शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सुईच्या टोकाने सोडा, जास्तीचं टिपून घ्या, बास.

डोंगरी तोफेबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण तुमच्या साठ्यातला तो सगळ्यात मौल्यवान सेट आहे. खऱ्या डोंगरी तोफा सुट्या भागांत खेचरांवर लादत. 2.5 इंची तोफेची तर नळीच दोन तुकड्यांत असायची आणि जागेवर पोचल्यावर आट्यांनी जोडायची. भारतीय तोफखान्याची परंपराही डोंगरी बॅटरीपासूनच मोजतात: 28 सप्टेंबर 1827 ला मुंबईच्या फौजेत उभी राहिलेली तुकडी पुढे 5 (बॉम्बे) माउंटन बॅटरी झाली, आणि तोफखान्यात आजही 28 सप्टेंबर गनर्स डे म्हणून पाळतात. आजोबांनी हा सेट का जपला असेल याचा अंदाज मला त्यावरून येतो. ब्रिटन्सने 1893 पासून पोकळ ओतकाम सुरू केलं आणि या सेटमधली खेचरंही तशीच पोकळ आहेत, त्यामुळे पाय घोट्यापाशी मोडतात. पोकळ पायात तार आत सरकवून, इपॉक्सीने धरून, पाय उभे करता येतात. रंग मात्र जसा आहे तसा ठेवा, आणि हा सेट खेळाच्या टेबलावर नेऊ नका.

आता असई. काकांच्या 25 मिलिमीटरच्या तोफा या लढाईला अगदी योग्य आहेत. 23 सप्टेंबर 1803 ला शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेपुढे इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली आला, तेव्हा शिंद्यांच्या कवायती पलटणींच्या तोफा युरोपीय धाटणीच्या होत्या, त्यामुळे नेपोलियनच्या काळातली मॉडेल्स तिथे शोभतात. त्या दिवशी इंग्रजांच्या हाती 98 तोफा पडल्या. टेबलावर एक मॉडेल म्हणजे आठ खऱ्या तोफा असं धरलंत तर मराठ्यांकडे बारा मॉडेल्स लागतील. तुमच्याकडे नऊ-दहा आहेत आणि त्यातल्या दोन काकांच्या रंगात बाजूला राहणार, तेव्हा कमी पडतील तेवढ्या नव्या घ्या. वेलस्लीकडे त्याच्या पाव भागही तोफा नव्हत्या, दोन मॉडेल्समध्ये भागेल. त्याच्या तोफांचे बैलच मराठ्यांच्या माऱ्यात पडले आणि तोफा पुढे सरकेनात. ही गोष्ट नियमांत आणलीत तर डाव खराखुरा होईल. बैलजोड्यांची मॉडेल्स मात्र वेगळी मिळवावी लागतील, काकांच्या सेटमध्ये घोडेच असणार.

असईत इंग्रज पायदळ तोफांवरून पुढे गेल्यावर मेल्याचं सोंग घेऊन पडलेले मराठ्यांचे गोलंदाज, म्हणजे तोफा डागणारे, उठले आणि त्यांनी त्याच तोफा मागून डागल्या. म्हणून तोफ आणि गोलंदाज एकाच तळावर चिकटवू नका. तोफेचा तळ वेगळा, गोलंदाजांचा वेगळा. मग तोफ काबीज होणं, गप्प होणं, पुन्हा सुरू होणं हे सगळं टेबलावर दाखवता येतं. मॉडेललाही याचा फायदा होतो, कारण उचलताना हात तळालाच लागतो, नळीला नाही.

तळ एमडीएफचे नकोत, लेझरने कापलेले तयार मिळतात तेही नकोत. शोकेससाठी जे सांगितलं तेच इथेही लागू. दोन मिलिमीटर अॅक्रिलिक शीट कापून घ्या आणि खाली पातळ पत्रा चिकटवा. डब्यात मॅग्नेट शीट घातलीत की तोफा प्रवासात हलत नाहीत. डब्याला गादी पॉलिएथिलीन फोमची. पिवळा पडणारा साधा फोम काही वर्षांत चुरतो आणि रंगाला चिकटतो. लोकर आणि फेल्टही नको, त्यातलं गंधक धातू काळवंडवतं.

दिवाळीच्या किल्ल्याबद्दलही सांगून ठेवतो, कारण घरात मुलं असतील तर हा विषय निघेलच. मातीचे मावळे आणि मातीच्या तोफा किल्ल्यावर खुशाल ठेवा. शिशाच्या तोफा ओल्या मातीत, उगवलेल्या अळिवात पाच दिवस राहिल्या तर वर्षभर जपलेलं वाया जातं, शिवाय त्या मुलांच्या हातात जातात. मुलांना किल्ल्यासाठी प्लॅस्टिकच्या तोफा रंगवून द्या. टेबलावरचा भूभाग कसा उभा करायचा, चढ किती ठेवायचा, तोफेला मारा मिळेल असा बुरूज कुठे हवा, हे मुलं किल्ला करतानाच शिकतात.

शोकेसचं आता नेमकं सांगतो. पावडर कोटिंग केलेली लोखंडी किंवा अॅल्युमिनियमची चौकट, काचेच्या बाजू, काचेचे कप्पे. काच बसवणाऱ्याला स्पष्ट सांगा की न्यूट्रल क्युअर सिलिकॉन वापर. नेहमीचं सिलिकॉन वाळताना व्हिनेगरचा वास मारतं, तो वास म्हणजे अॅसेटिक आम्लच. कपाट तयार झाल्यावर दोन-तीन आठवडे उघडं ठेवा. आत छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि आकडा 50 च्या खाली राहील इतकं सिलिका जेल घाला. पावसाळ्यात तुमच्याकडे खोलीतला आकडा 80 च्या वर सहज जातो, तेव्हा जेल वरचेवर वाळवावं लागेल. सोबत अॅक्टिव्हेटेड चारकोलची पुडी ठेवली तर उरलीसुरली वाफ ती ओढते. दिवा एलईडी, आणि तो कपाटाबाहेर. ऊन पडेल अशी भिंत नको, पश्चिमेची ओल येणारी भिंत तर नकोच.

घरात आधीच सागवानी कपाट आहे आणि तेच वापरायचंय, असं कोणी ना कोणी म्हणतंच. मग आधी तपासा. मासेमारीच्या गळाला लावतात ते शिशाचे वजन घ्या, एक बाजू पॉलिश पेपर ओला करून चमकवा. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ते, कपाटाच्या लाकडाचा किंवा पॉलिशचा तुकडा आणि पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा, तिन्ही एकमेकांना टेकू न देता ठेवा. दुसऱ्या बरणीत तेच, फक्त लाकडाशिवाय. दोन्ही उबदार जागी महिनाभर ठेवा. लाकडाच्या बरणीतल्या शिशावर पांढरं धरलं आणि दुसऱ्या बरणीतलं नुसतं मंदावलं, तर ते कपाट शिशासाठी बाद. ब्रिटिश म्युझियममध्ये 1973 मध्ये अँड्र्यू ऑडी यांनी अशीच चाचणी बसवली. ती 60 अंश तापमानाला 28 दिवस चालते आणि संग्रहालयांत शोकेसचं साहित्य आजही याच पद्धतीने निवडतात. आपली घरगुती आवृत्ती तितकी काटेकोर नाही, पण वाईट लाकूड नक्की पकडते.

मांडताना पांढरी पूड आलेल्या तोफा, साफ केल्यानंतरही, वर्षभर वेगळ्या हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा. रोग एकीवरून दुसरीवर उडी मारत नाही, पण कुठल्या तोफेत आम्ल अजून शिल्लक आहे हे वर्षभरात कळतं. बाकीच्या मापाप्रमाणे लावा. 54 मिलिमीटरच्या ब्रिटन्स आणि 25 मिलिमीटरच्या तोफा एका कप्प्यात ठेवल्या की दोन्ही खोट्या दिसतात. तोफा सरळ रांगेत न लावता जरा तिरक्या ठेवा, गाड्याची बाजू आणि आऱ्यांची जाळी दिसली पाहिजे. एखाद्या कप्प्याखाली छोटा आरसा ठेवलात तर नळीखालचं कामही दिसतं. प्रत्येकीसाठी कार्ड: काय आहे, कोणाची, कोणी रंगवली, तुम्ही काय दुरुस्त केलं आणि कशाने. चाक रेझिनचं असेल तर तसं लिहा. आजोबा कुठल्या रेजिमेंटमध्ये होते तेही लिहा, घरातल्या मोठ्यांना आजच विचारून घ्या.

कपाट तळमजल्यावर असेल तर खालचा कप्पा रिकामा ठेवा. साताऱ्यात तुमच्या भागात पाणी शिरत नसेल, पण आम्ही सांगलीकर 2005, 2019 आणि 2021 नंतर कुठलाच संग्रह जमिनीलगत ठेवत नाही. पाण्यात भिजलेली शिशाची तोफ उन्हात वाळवू नये. स्वच्छ पाण्याने गाळ उतरवून, टिपून, सावलीत पंख्याखाली ठेवावी आणि सुटलेले रंगाचे कपचे तिच्याच पिशवीत जपावेत.

कामाचा क्रम असा ठेवा: या आठवड्यात ट्रंक रिकामी करून प्रत्येक तोफेचे चारी बाजूंनी फोटो काढा, फोटोत पट्टी ठेवा म्हणजे माप कळेल. डांबराच्या गोळ्या असतील तर फेका आणि सगळ्या तोफा झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीन डब्यांत सिलिका जेलसह हलवा. शोकेस होईपर्यंत त्या तिथे सुखरूप राहतील. डोंगरी तोफेच्या सेटचे फोटो मला आधी पाठवा. खेचरांचे पाय नेमके कुठे मोडलेत ते बघून तार किती जाडीची घ्यायची ते सांगतो. तोवर त्या पायांना डिंक लावू नका.